बिनचिठ्ठीच्या अकरा बाटल्या

पट्टीबाईंचं नाक म्हणजे काय नाक होतं! सर्जनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, आणि एवढ्या वर्षांत एकाही बाटलीवर चिठ्ठी लावली नाही. मोठ्या कॅनमधून स्पिरिट लहान बाटल्यांत ओतायचं, शेजारच्या बाटल्यांत उकळून गार केलेलं पाणी भरायचं, आणि वापरताना बूच उघडून हुंगायचं. संपला विषय. सर्जन ओरडायचे, "अहो, चिठ्ठ्या लावा!" यांचं उत्तर ठरलेलं, "नाक आहे ना मला!" ही एकच खोड होती त्यांना. बाकी बाई सोन्यासारखी.

दवाखाना बंद झाला तेव्हा उरलंसुरलं सामान सर्जननी त्यांनाच देऊन टाकलं. ते स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली येऊन बसलं. एकसारख्या अकरा प्लॅस्टिकच्या बाटल्या. काहींत स्पिरिट, काहींत पाणी. दोन्ही पाण्यासारखंच दिसणारं.

आणि मग गेल्या थंडीत ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. पहिले आठ दिवस त्यांना वाटलं सर्दी असेल. महिना झाला, तेव्हा त्या एका दुपारी न्हाणीघरात बसून साबण हुंगत राहिल्या. काही नाही. साबण तसाच हातात धरून ढसाढसा रडल्या आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही.

लपवणं तर काय, अगदी झकास जमलं. फक्त एकदा जिन्याच्या कठड्याला ताजा तेलरंग लावला होता, तेव्हा कुणीतरी "काय वास सुटलाय!" म्हणालं आणि बाई दार उघडून म्हणाल्या, "अगबाई, कुणाकडे फुलं फुलली वाटतं!" रंगारी बिचारा त्यांच्याकडे बघतच राहिला.

लपवायचं कारण चार वर्षांचं होतं. नात. सुनेला पुन्हा नोकरीवर जायचं होतं आणि दिवसभर पोरीला कोण बघणार, हा प्रश्न होता. "आई, तुम्ही बघाल?" असं सुनेनं फोनवर विचारलं, तेव्हा पट्टीबाईंना काय झालं ते त्यांनाच माहीत. नवरा गेल्यापासून सात वर्षं घरात दुसऱ्याचा आवाज नव्हता. "बघेन म्हणजे काय, आणून तर सोड!" रविवारी येणार होते सगळे. आता गॅस गळला तर वास येत नाही, दूध करपलं तर कळत नाही, असं सांगितलं असतं तर कोण आपली पोर ठेवील?

शुक्रवारी त्यांना ओट्याखालच्या बाटल्या आठवल्या. पोरगी खाली वाकून काय काढेल, काय तोंडाला लावेल, नेम नाही. टाकून द्यायच्या, ठरलं. त्यांनी पहिली बाटली काढली, सवयीनं बूच उघडून नाकाशी नेली, आणि मग स्वतःवरच चिडल्या. "पाणीच असणार," असं म्हणून सिंकमध्ये ओतायला लागल्या. शेजारी शेगडीवर मंद आचेवर दूध होतं. खिडकी बंद होती.

ते पाणी नव्हतं.

बाटली निम्मी रिकामी झाली असेल, तेवढ्यात शेजारची शिवणताई उघड्या दारातून आत घुसली. गळ्यात मापाची टेप, तोंडात टाचणी. टाचणी थुंकून ती आधी शेगडीकडे धावली आणि गॅस बंद केला.

"मावशी! अहो काय करताय काय? माझ्या खोलीपर्यंत स्पिरिटचा भपकारा आलाय!"

पट्टीबाईंचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका! ठिणगी पडली तर?" तिनं खिडक्या उघडल्या, दार सताड उघडं केलं, गार पाण्याचा नळ मोठा सोडला आणि तो बराच वेळ तसाच वाहू दिला. दोघी जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. मग शिवणताई हळूच म्हणाली, "तुम्हाला वास आलाच नाही ना, मावशी?"

चौतीस वर्षं दुसऱ्यांना "घाबरू नका, होतंय सगळं" म्हणणाऱ्या बाईंनी कठडा धरून "नाही गं," एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी त्याच ओट्याशी नात उभी असणार होती, हे दोघींच्याही मनात आलं.

घरातली हवा मोकळी झाल्यावर दोघी बाल्कनीत बसल्या. शिवणताईनं हुंगायचं, पट्टीबाईंनी चिठ्ठी लिहायची. चार बाटल्या पाण्याच्या, सहा स्पिरिटच्या, आणि ती अर्धी. अर्धीतलं थोडं स्पिरिट थर्मामीटर पुसायला एका छोट्या बाटलीत काढलं, तिच्यावर ठसठशीत चिठ्ठी चिकटवली आणि ती कपाटात वरच्या खणात कुलपात गेली. अर्धीत उरलं ते कपभर. ते बादलीभर पाण्यात मिसळलं आणि गॅस बंद ठेवून, खिडक्या उघड्या ठेवून, नळ सोडून सिंकमध्ये ओतलं.

"बाकीच्या सहाही अशाच ओतू?" शिवणताईनं विचारलं.

"छे गं! एवढं गटारात नाही सोडायचं. आणि कचऱ्यातही नाही, कचरेवाल्यानं विडी पेटवली म्हणजे?" नाक गेलं तरी डोकं शाबूत होतं. शनिवारी चौकात जुने रंग, बॅटऱ्या, औषधं नेणारी वेगळी गाडी येते. तिथे त्यांनी सहाही बाटल्या घट्ट बुचांसह, खोक्यात उभ्या ठेवून, स्वतः नेऊन दिल्या. गाडीवाला म्हणाला, "वा आजी, चिठ्ठ्यासुद्धा लावल्यात!" बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी कुणाला काही बोलणार नाही," शिवणताईनं सांगितलं होतं. आता सांगायचं की नाही, ते फक्त पट्टीबाईंच्या हातात होतं.

रविवारी मुलगा, सून आणि नात आले. नात सरळ ओट्याखाली घुसली, तिथे आता नुसते बटाटे होते. पट्टीबाईंनी सुनेला पाणी दिलं आणि तिचं पिऊन व्हायच्या आत सगळं ओकून टाकलं. ताप, नाक, बाटली, दूध, सगळं.

"आता तू पोरीला इथे ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "मला राग येणार नाही. वाईट वाटेल, ते वाटू दे."

मुलगा काही बोलायला गेला. सुनेनं त्याला हातानं थांबवलं.

"माझ्या आईला ऐकू कमी येतं," ती म्हणाली. "तिनं ते माझ्यापासून वर्षभर लपवलं. पोरगी आतल्या खोलीत अडकून रडत होती, तेव्हा कळलं. तुम्ही आधी सांगितलंत, आई." मग तिनं पिशवीतून पोरीचे कपडे काढून पलंगावर ठेवले. "गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं. आज हा जाऊन घेऊन येईल. ते बसेपर्यंत मी जात नाही."

मग तिनं लेकीला जवळ ओढलं. "ऐक, आजीच्या नाकाला वास येत नाही. तुला कसलाही वास आला, की आजीला ओरडून सांगायचं. हे तुझं काम."

पोरीनं काम फारच मनावर घेतलं. घरभर हुंगत फिरली. उशी हुंगली, चप्पल हुंगली, बापाला हुंगलं आणि नाक मुरडलं. शेवटी आजीच्या मांडीवर चढली, आजीचा हात नाकाशी धरला.

"आजी, तुझ्या हाताला ना, डॉक्टरांचा वास येतोय."

मघाशीच त्यांनी थर्मामीटर पुसला होता. नवरा असताना रोज संध्याकाळी त्या दारात आल्या की तो म्हणायचा, "आला बघा दवाखाना घरी." तो वास अजून हाताला आहे, हे त्यांना नाक गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

"येतोय का खरंच?" त्यांनी विचारलं. "नीट हुंग बरं, बाळा. अजून एकदा."