न्यायला कोण येणार हाय?

चार माणसं एकत्र आली की किस्सा घडतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आमच्या घराण्याची तऱ्हा वेगळी. आमची नुसती एकत्र यायची तयारी सुरू झाली आणि किस्से इतके साचले, की प्रत्यक्ष भेटलो तेव्हा बोलायला तेच पुरले! मी औरादला हायस्कूलमध्ये शिकवते. दहावीचा अख्खा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करते. त्यामुळे घरच्यांनी ही जबाबदारी माझ्यावर टाकली, आणि खरं सांगू का, दुसऱ्या कुणाला ती झेपलीही नसती.

सुरुवात झाली एका लग्नात. माझा भाऊ दीपक पुण्यात असतो, आणि सुधाकरकाका बँकेतून रिटायर होऊन हैदराबादला. तर दीपकचा मुलगा आणि काकांचा नातू चाटच्या काउंटरवर शेजारी शेजारी उभे होते. एकानं दुसऱ्याला मोठ्या अदबीनं विचारलं, "आप लडकीवालों की तरफ से हैं?"

"नहीं. आप?"

दोघांचा पणजोबा एक! मी पोट धरून हसले. अप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र हसले नाहीत. हातातली प्लेट त्यांनी तशीच खाली ठेवली आणि घरी आल्यावर जाहीर केलं, "समद्यांनी दोन दिवस एका छताखाली ऱ्हायचं. जागा कुठली बी बघा. पर अक्का आली पायजे."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमची शांताआत्या. मादन हिप्परग्याला दिलेली. खजुरी गावातलं घर विकून आम्ही कलबुर्गीला आलो (अप्पांच्या तोंडी अजून गुलबर्गाच!), तेव्हापासून ती आमच्या एकाही कार्याला आलेली नाही. भांडण नाही, अबोला नाही. त्या बाजूला कुणी गेलं की तिला भेटून, चहा पिऊन येतं. बोलावलं की ती आनंदानं "येते की!" म्हणते, आणि येत नाही. अप्पा ऐंशीला टेकलेले, आत्या त्यांच्याहून मोठी.

"आमचं दोघांचं किती ऱ्हायलंय आता?" अप्पा म्हणाले. मी जागा शोधायला लागले.

*

आळंद रस्त्याला तुरीच्या रानांमध्ये एक फार्महाऊस मिळालं. स्विमिंग पूल हवा, हा पुण्याचा हट्ट. तारीख ठरली डिसेंबरची! त्या पाण्यात शेवटपर्यंत कुणी पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही, ते सोडा.

मालक तरुण होता, एकदम प्रोफेशनल. फोनवर म्हणाला, "मॅडम, ॲडल्ट्स किती, चिल्ड्रन किती? त्या हिशेबानं रूम लावतो." मी मोजायला लागले तोवर अप्पांनी फोन हातातून काढून घेतला.

"लिवून घ्या," अप्पा म्हणाले. "ज्याचं लगीन झालंय ते मोठं माणूस. न्हाई झालं ते समदे लेकरंच की!"

मालकानं इमानेइतबारे तसंच लिहून घेतलं. काकांचा मुलगा महेश चौतिशीचा, सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर, कपाळ मागे सरकत चाललेलं. त्याला किड्स रूममधला बंक बेड मिळाला. भिंतीवर ससे, उशीवर ससे.

"अक्का," तो मला म्हणाला, "माझ्या हाताखाली पन्नास माणसं काम करतात गं!"

"मग लगीन कर," आतून अप्पांचा आवाज आला.

*

जागा बघायला आम्ही आधी एकदा गेलो होतो. मालक पूल दाखवत होता, साऊंड सिस्टिम दाखवत होता. अप्पांचे प्रश्न दोनच. पहिला, "हॉलमध्ये खाली बसून पंगत मावंल का?" सोफे सरकवले तर मावेल, असं ठरलं. दुसरा, "तळमजल्यावर एखादी खोली हाय का?"

एकच होती. मोठी, दोन खिडक्यांची, बाथरूम आतच.

"ही अक्काची," अप्पा म्हणाले आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

सुधाकरकाकांचे गुडघे वर्षभर कुरकुरताहेत. ते जिन्याकडे बघत म्हणाले, "दादा, ती यायची तर न्हाई. खोली रिकामी ठिवून काय करायचं? मी झोपतो की हितं."

"आली न्हाई तरी तिचीच."

काका माझ्याकडे वळून पुटपुटले, "तुझा बाप रेव्हेन्यू खात्यात हुता नव्हं, एकदा सातबाऱ्यावर नाव चढवलं की काडत न्हाई!"

काकांच्या बोलण्यात चेष्टा होती आणि थोडा रागही होता. धाकट्या भावाला असा राग येतोच. थोरल्या दोघांच्या प्रेमात त्याला कधी कुणी विचारलेलं नसतं.

*

स्वयंपाकाचं सगळं आईकडे. औरादच्या बाजारातून मी शेंगदाणे नेऊन दिले, त्याची तिनं डबे भरून चटणी केली. कडक भाकरी, धपाटे, लाडू, वर पातेली आणि परात. गाडीची डिकी उघडली तेव्हा मालक दचकलाच. त्यानं गेटवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई.

आईनं पाटी शांतपणे वाचली. "बरोबर लिवलाव बगा," ती म्हणाली. "बाहेरचं लई वंगाळ आसतंय. आमी बी खात न्हाई. हे समदं घरचं हाय."

आणि परात घेऊन सरळ आत गेली! बिचारा अर्धा तास बाहेर घुटमळला. मग किचनच्या दारात आला तेव्हा आईनं काही न विचारता त्याच्या हातावर कडक भाकरी आणि चटणी ठेवली. ती संपवून तो म्हणाला, "अम्मा, उद्या पण थोडं राहील ना?"

*

आता आत्याचं. तिला बोलावण्याचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. दीपक म्हणाला, नुसता फोन नको, व्हिडिओ कॉल करू, सगळ्यांचे चेहरे दिसले की ती विरघळेल. आत्याच्या नातसुनेनं तिच्यासमोर मोबाईल धरला. पुणे, हैदराबाद, कलबुर्गी, औराद, सगळे एकदम ओरडायला लागलो. "आत्या, ये! आत्या, यायचंच हं!"

आत्यानं सगळ्यांना एकेक करून न्याहाळलं. कोण वाळलंय, कोण सुटलंय, महेशचं टक्कल, सगळं झालं.

"येते की," ती म्हणाली. "न्यायला कोण येणार हाय?"

"एसी गाडी पाठवतो आत्या!" दीपक म्हणाला. "दारात येईल. तुला एक पाऊल चालायला नको."

"बरं," आत्या म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "फोनवरचं माणूस म्हंजे दारात उभारून बोलून जाणारं माणूस. घरात कोण यायलाय?"

आम्ही सगळे हसलो. आत्या काय बोलेल याचा नेम नसतो, असं म्हणून कॉल बंद केला आणि गाडी बुक केली.

*

पहिल्या दिवशी सकाळी सगळे फार्महाऊसवर जमलो. आईनं आत्यावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा तयार ठेवला. सुनांनी पायरीवर रांगोळी काढली. पोरांनी तळमजल्यावरच्या खोलीच्या दाराला फुगे बांधले. सोफे भिंतीला लागले, पंगतीच्या वरच्या टोकाला दोन पाट मांडले, एक अप्पांचा, एक आत्याचा.

गाडी आली. अप्पा सगळ्यांच्या पुढे. दार उघडलं आणि आतून एकटाच महबूब उतरला, आम्ही नेहमी बोलावतो तो ड्रायव्हर. डोक्यावर कोरी करकरीत पांढरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, हातात शेंगांची पिशवी!

"अम्मा किधर?" काका ओरडले.

"नै आतूँ बोले साब." महबूबला बिचाऱ्याला आनंद लपवता येईना. "लेकिन खाना क्या खिलाए! गेहूँ की हुग्गी, तूप, सब. फिर टोपी पिन्हाए, टॉवेल दिए. बोले, तू पहली बार घर कू आया."

"आन् आमच्यासाठी काय निरोप?"

महबूबनं तो अगदी आत्याच्या मराठीत सांगितला. "माणूस लई चांगला हाय. पर माझ्या म्हायेराचा न्हाई."

अप्पा तिथंच पायरीवर बसले. रांगोळी मोडली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"बघा," काका म्हणाले. "मी म्हनलो नव्हतो? तिला यायचंच न्हाई. एसी गाडी धाडलाव, अजून काय पालखी धाडावी?"

आई किचनमधून भाकरतुकड्याचं ताट घेऊन बाहेर आली होती. ती आमच्यात सून म्हणून आली त्याला पन्नासेक वर्षं होत आली असतील, पण घरातल्या कर्त्या माणसासारखं सगळ्यांना एकदम झापताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"तुमा गडीमान्सांत कुणाला म्हायेर हाय का?" आईनं विचारलं. "न्हाई. मग कसं कळंल? बाई आपल्या पायानं म्हायेराला येत न्हाई. मुराळी जातंय. भाऊ जातंय, न्हाईतर भाचा जातंय. तवा सासरची मान्सं बी बघत्यात, की हिच्या मागं कुणी तरी हाय. खजुरीत हुताव तवर दर पंचमीला ह्येच जात हुते सायकलवर. घर इकलं, घरात फोन आला, आन् मुराळी बंद झाला! ती दर बारीला इचारायलीय की, न्यायला कोण येणार हाय? आन् तुमी गाडीचा नंबर सांगायलाव!"

मला स्वतःचा राग आला आणि आईचा भयंकर अभिमान वाटला. मीही नांदायला गेलेलीच बाई! मला कळायला हवं होतं.

"ह्या वयात कसला मुराळी," काका म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

अप्पा उठले. आत जाऊन धुतलेलं धोतर नेसून आले, टोपी घातली, आणि जिना चढतानासुद्धा ज्यांना कुणीतरी हात द्यावा लागतो ते अप्पा एकटे चालत गाडीपर्यंत गेले. दीपक बरोबर निघाला तर त्याला नको म्हणाले. आईनं धावत जाऊन लाडवांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मुराळी रिकाम्या हातानं जात न्हाई," ती म्हणाली.

महबूबनं लगेच गाडी सुरू केली. त्याला रस्ता माहीत होता, आणि हुग्गीही.

*

दुपार झाली. पोरांना खायला घातलं, मोठे थांबले. थोरली दोघं आल्याशिवाय पंगत कशी बसणार? आईनं सोलकढीसारखं काहीतरी पातळ करून सगळ्यांना वाटीवाटी दिलं. ऊन उतरलं. अप्पांचा फोन लागेना. काका दर दहा मिनिटांनी गेटपर्यंत जाऊन येत होते, आणि गुडघ्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते.

दिवस बुडायच्या बेताला माझा फोन वाजला. आत्या! मी स्पीकरवर टाकला. सगळे भोवती गोळा झाले.

"आत्या, निघालात का गं?"

"निघताव कुठं? तुझा बाप पोटभर जेवला, समद्या गल्लीला सांगून आला, अक्काला न्यायला आलोय म्हनून. आता बाजंवर घोरायलाय. मुराळी आला की एक मुक्काम करतोय. रीत हाय. उद्या येताव."

"अगं पण इथं पंगत मांडलीय! दोन पाट रिकामे आहेत. सगळे उपाशी थांबलेत तुमच्यासाठी!"

"मग थांबा की," आत्या म्हणाली. "मी न्हाई का थांबले?"

आईनं पदर डोळ्यांना लावला.

मग पलीकडून आत्याचं हसू ऐकू आलं, अगदी खुदकन. "आन् लईच घाई आसली तर आइका. ह्यो आता माझ्या घरात हाय. मी असाच सोडणार न्हाई. न्यायचा आसला तर मुराळी पाठवा!"

फोन बंद झाला. सगळ्यात आधी महेश उठला. "गाडीची किल्ली द्या. मी घेऊन येतो दोघांना."

सुधाकरकाकांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "तू लेकरू हायस. बस."

मग दोन्ही गुडघ्यांवर हात दाबत ते स्वतः उठले, दारातल्या चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधून काढल्या, आणि किचनकडे बघून ओरडले, "वैनी, दुसरा डबा भरा! रिकाम्या हातानं जाऊ व्हय?"