रविवारचा गणवेश

नंदिनी उंदिरवाडेला घरच्यांचा पहिला संशय आला तो इस्त्रीमुळे.

नंदिनी लष्करात मेजर आहे, सिग्नल कोरमध्ये. तिच्या आडनावाचा उच्चार उत्तरेकडच्या लोकांना झेपत नाही, म्हणून मेसमध्ये तिला 'मेजर यू' म्हणतात. गेल्या हिवाळ्यात ती वर डोंगरात होती. घरी व्हिडिओ कॉल करायची सवड आणि रेंज या दोन गोष्टी तिथे रविवारी दुपारीच जुळायच्या. इकडे ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मोहटोल्यात तिची मुलगी संबोधी, म्हणजे बोधी, तिसरीतली, आजीच्या मोबाइलसमोर येऊन बसायची. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. नंदिनीला बरं वाटायचं. पुढच्या रविवारीही तेच, त्यापुढच्याही. मग एका रविवारी तिचं लक्ष स्कर्टच्या चुण्यांकडे गेलं. धारदार, नुकत्या मारलेल्या. रविवारी शाळा नसते, ही काही गोपनीय माहिती नव्हे.

"आज शाळा होती का गं?" तिनं विचारलं.

बोधीनं आधी पडद्याच्या बाहेर, डावीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. म्हणजे कार्यक्रम होता. म्हणजे आत्ताच आली."

एका प्रश्नाला तीन उत्तरं आली की त्यातलं एकही खरं नसतं, हे नंदिनीला सैन्यानं शिकवलेलं नाही. ते ती माहेरून घेऊन आली. माहेर धानोऱ्याकडचं, जंगलातलं. वडील आश्रमशाळेत शिक्षक. तिच्या लहानपणी दारात दोन प्रकारचे लोक येत, दोघांच्याही अंगावर हिरवे कपडे, दोघांच्याही खांद्यावर बंदूक आणि दोघांचाही प्रश्न एकच: काल इथून कोण गेलं? वडिलांनी पोरांना एक उत्तर शिकवून ठेवलं होतं. 'मालूम नाई.' ते म्हणताना खाली बघायचं नाही, हसायचं नाही, आणि त्याला दुसरं वाक्य जोडायचं नाही. गडचिरोलीच्या त्या भागात हे कसब पाढ्यांच्या आधी येतं. बोधीला ते नीट येत नव्हतं. ती वाक्यं जोडत होती.

जानेवारीत नंदिनी रजेवर आली. बदली जबलपूरला झाली होती, क्वार्टर मिळणार होतं, शाळा कुंपणाच्या आतच होती. दोन वर्षांची असल्यापासून बोधी आजीजवळ वाढली. आता तिला सोबत न्यायचं, असं नंदिनीनं ठरवलं होतं, आणि रजा संपायच्या आत प्रवेश पक्का करायला हवा होता. पुन्हा डोंगरात बदली झाली की ही संधी गेली. तसं तिनं निघण्याआधी फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई रुखमाबाई म्हणाल्या, "पोरीचं इथी मस्त चालून राह्यलं. कायले हलवतं?" नवरा अश्विन ब्रह्मपुरीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. तो म्हणाला, "सगळं ओके आहे." इतिहासाचा माणूस इतकं थोडक्यात बोलला, याचीही तिनं नोंद घेतली.

ब्रह्मपुरीहून जीपनं ती गावात उतरली तेव्हा सगळेच फार प्रेमानं वागले. एरवी गावाचं तिच्याबद्दलचं मत ठरलेलं होतं. बाई पोर टाकून नोकरी करते, आणि नोकरीही अशी की नवऱ्याला सलाम ठोकावा लागेल. या वेळी मात्र पारावरचे लोक उठून "जय भीम मॅडम" म्हणाले आणि लगेच आपापल्या कामाला गेले. पारावरच्या लोकांना काम असतं, हे नंदिनी प्रथमच पाहत होती.

घरी बोडीतल्या, गावच्या छोट्या तळ्यातल्या, मासोळ्यांचा रस्सा होता. बोधी गळ्यात पडली, सोडीना. दाराच्या मागे तिचे शाळेचे बूट होते. जूनमध्ये घेतलेले. नंदिनीनं सहज उचलून पाहिले. टाच थोडी झिजलेली, पण वर धुळीचा थर, आणि डाव्या बुटात कोळ्यानं संसार मांडलेला.

"बूट नाई घालत का बोधी?"

"चावतेत तिले," रुखमाबाई चुलीकडूनच म्हणाल्या. "चपलेनं जाते."

दुसऱ्या दिवशी बोधीला ताप होता. निदान रुखमाबाई तसं म्हणत होत्या. कपाळ गार होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांची मीटिंग होती. नंदिनीनं वाद घातला नाही. ती शेजारी गोकुळाकडे गेली. गोकुळा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"काय म्हणता मेजरबाई, बसा. चहा ठेवू?"

"नको. बोधी शाळेत कोणाबरोबर जाते हो?"

"मालूम नाई बाप्पा. मी सकाळीच वावरात जातो."

"आणि हातपंपाजवळच्या मंगलीकाकू दिसल्या नाही कुठे. त्यांच्या घराले कुलूप आहे."

गोकुळाचे हात थांबले. "ते गेली ना. दिवाळीनंतर."

"गेली? कशानं?"

"मालूम नाई," गोकुळा म्हणाली. खाली बघितलं नाही, हसली नाही, दुसरं वाक्य जोडलं नाही.

शाळा पलीकडच्या गावाच्या शिवेवर, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांमधल्या, वाटेनं. नंदिनी एकटी जाऊन मुख्याध्यापक धनराज सरांना भेटली. सर म्हणाले, मुलगी हुशार आहे, नियमित आहे, पाठांतर उत्तम. पट कमी झाला की शाळा बंद होते, आणि सरांच्या शाळेचा पट इतका काठावर होता की एक मूल गैरहजर राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांच्याकडे कोणी गैरहजर राहतच नसे. हे त्यांनी सांगितलं नाही. वर्गात बोधी कितव्या बाकावर बसते असं नंदिनीनं विचारलं, तेव्हा सर खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे तिकडे बर्फ पडतो म्हणे?"

आता तिनं आपल्याच घरावर पाळत ठेवायला सुरुवात केली. ती संदेशांची माणूस. कुठला संदेश कुठे अडतो हे शोधणं हाच तिचा धंदा. तिच्या संशयानं दिशाही चुकीच्या घेतल्या. अश्विन रोज मोटारसायकल आडवाटेनं नेतो, म्हणजे कोणी दुसरी बाई आहे का? ती एका दुपारी त्याच्या मागे गेली. तो पुलाजवळ थांबून एकटाच समोसे खात होता. घरी त्याच्या पोटासाठी पथ्य होतं. मग वाटलं, सासूबाईच पोरीचे कान भरत असतील, आईकडे जायचं नाही असं पढवत असतील. हे जास्त पटलं, कारण ते जास्त दुखलं.

"पोरगी मला काहीतरी सांगू पाहते आणि तुम्ही तिच्या मागे उभ्या असता," ती एकदा म्हणाली.

"माह्या घरात मी कुठी उभी राहू, ते बी तू सांगशील?" रुखमाबाई म्हणाल्या. "तुह्या पलटणीत असन तसं. इथी नाई."

सोमवारी सकाळी नंदिनीनं स्वतः वेण्या घातल्या, बूट झटकले, कोळ्याला बाहेर काढलं आणि बोधीचा हात धरला. "चल. आज मी सोडते."

रुखमाबाई भाकरी थापत होत्या. त्या उठल्या, पुन्हा बसल्या.

गावात बोधी नीट चालली. हातपंप गेला, मंगलीचं कुलूपबंद घर गेलं, शेवटचा बांबूचा झुपका आला. तिथे तिचे पाय थांबले. ती रडली नाही, नको म्हणाली नाही. समोर कापलेल्या धानाच्या बांध्या, मधून वाट, वाटेच्या कडेला उंच वाळलेलं गवत. बोधी त्या गवताकडे पाहत होती.

"काय झालं राणी?"

"मालूम नाई."

या वेळी तिनं एकही वाक्य जोडलं नाही. नंदिनी गुडघ्यावर बसली. वडिलांनी शिकवलेलं उत्तर आज तिच्या पोरीला पूर्ण आलं होतं, आणि समोर हिरव्या कपड्यातली माणूस ती स्वतः होती.

मागून चपलांचा आवाज आला. रुखमाबाई काठी आणि एक रिकामा डबा घेऊन आल्या होत्या. गावातली बाकीची पोरं आता अशीच शाळेत जात, मोठं माणूस डबा वाजवत पुढे आणि पोरं मागे.

"मंगली इथीच होती," त्या म्हणाल्या. "गवत कापायले वाकली होती. मी पोरीले शाळेतून आणून राह्यली होती. हिनं पाह्यलं सगळं. वाघानं मंगलीले मानेनंच उचललं. आम्ही बोंबललो, लोकं आले, पण…" त्यांनी डबा खाली ठेवला. "तवापासून हे झुपक्याच्या पुढं पाय नाई टाकत. उचलून नेलं तं ओकते."

वनखात्यानं पिंजरा लावून एक वाघ धरून नेला होता. तोच की दुसरा, याबद्दल गावात दोन मतं होती आणि दोन्ही मतांचे लोक संध्याकाळी पाचच्या आत घरी येत होते.

"आणि मला गणवेश दाखवत होता," नंदिनी म्हणाली. "मला! तिची आई मी!"

"सांगतलं असतं तं तू काय केलं असतं?"

"घेऊन गेले असते."

"मंग?" रुखमाबाई म्हणाल्या. "म्हणूनच नाई सांगतलं. सगळ्या गावाचे पाय धरले मी. पोरगी बरी झाली की सांगू म्हटलं."

"बरी झाली का?"

एवढ्यात अश्विनही धावत आला. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो डबा उचलून उभा राहिला.

"माझ्याशी खोटं बोलायला पोरीला शिकवलंत," नंदिनीचा आवाज चढला. "आईशी!"

तेव्हा बोधी बोलली. "मम्मी, तुझा उजवा हात कुठी होता?"

"काय?"

"दिवाळीत. तू डाव्या हातानं फोन धरत होती. डाव्यानं टाटा करत होती. चहा बी डाव्यानं पित होती. आजीले मी सांगतलं तं आजी म्हणे, बर्फात थंडी वाजत असन."

दिवाळीच्या आधी गाडी बर्फावरून घसरून नाल्यात गेली होती. कोपर मोडलं होतं, चालक वाचला नव्हता. घरी तिनं सर्दी झाली असं कळवलं होतं. हा सगळा काळ एका टोकाला प्लास्टर पडद्याबाहेर ठेवलं जात होतं आणि दुसऱ्या टोकाला स्कर्टला इस्त्री होत होती, आणि दोन्हीकडून 'सगळं ओके' जात होतं.

तिनं बाही वर केली. कोपराजवळचा व्रण बोधीनं बोटानं चाचपून पाहिला, खरा आहे ना याची खात्री केल्यासारखं. मग तिथेच, वाटेवर बसून, नंदिनीनं सगळं सांगितलं: गाडी, नाला, चालक, त्याचं नाव, त्याच्या घरी गेली तेव्हा त्याची आई काय म्हणाली ते. रुखमाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. अश्विननं विचारलं, "हे आम्हाला…" आणि पुढचं स्वतःच गिळलं.

"मी जबलपूरला न्यायला आले आहे," नंदिनी शेवटी बोधीला म्हणाली. "यायचं का ते तू सांग."

"तिथी शाळेत जायले गवतातून जा लागते?"

"नाही. रस्ता आहे. पण तिथं कशाचीच भीती नाही असं मी सांगणार नाही."

बोधीनं झुपक्यापलीकडच्या वाटेकडे पाहिलं. "येतो," ती म्हणाली. "पण आजी बी संग येईन, पाहून घेईन आधी. तू सांगशील ते नाई. आजी पाहीन ते."

नंदिनीला हे लागलं, आणि तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं. रुखमाबाईंनी मान फिरवली.

"मले नाई जमत. घर कोण पाहीन? ह्याच्या पोटाचं काय?" त्या काठीनं अश्विनकडे दाखवत म्हणाल्या. अश्विनला कोणी काही विचारलं नाही. तो पुलाजवळच्या समोशांचा विचार करत असावा, कारण त्याचा चेहरा फारसा पडला नव्हता.

त्या दिवशी बोधी शाळेत गेली नाही. सरांच्या हजेरीपटावर ती हजर होती.

दुपारी नंदिनीनं फोन लावून प्रवेश पक्का केला. ती ओसरीवर आली तेव्हा रुखमाबाई कोठीतला नवा तांदूळ सुपात पाखडून पोत्यात भरत होत्या. बोधी शेजारी बसून खडे वेचत होती.

"एवढा कशाला काढला?" नंदिनीनं विचारलं.

"तिथचा तांदूळ कसा असते कोणाले मालूम," रुखमाबाई सुपावरून नजर न उचलता म्हणाल्या. "पावसाळ्यात धानाच्या रोवण्यापर्यंत राहीन मी. पोरगी शाळेत जाते का, माह्या डोळ्यानं पाहीन. नाई गेली तं घेऊन परत येईन, सांगून ठेवतो. तुले बी, तुह्या कर्नल-फिर्नलले बी."

"या," नंदिनी म्हणाली, आणि पोत्याचं तोंड धरायला खाली बसली. उजव्या हातानं.