आई कुठं गेली?

मेणबत्ती विझल्यावरचा वास आला की मला सोलापुरातलं सुशीलाचं घर आठवतं. पंचाहत्तर साल असावं. माझी आई नुकतीच गेली होती आणि मी गरोदर होते. आम्ही लिंगायत. मावशी म्हणायची, "आई शिवात मिळाली." शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझ्याच पोटी येईल बघ." दोन्ही खरं कसं असेल, मला कळेना.

मी शिकवायचे त्याच शाळेत सुशीलाही शिकवायची. तिचं घर बौद्ध. बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती विझवून ती माझ्यापाशी बसली.

"आमच्यात आत्मा मानत नाहीत, अक्का. माणसानं केलेलं तेवढं मागं राहतं, असं वडील सांगतात."

"मग माझी आई आता कुठंच नाही?"

सुशीलाची आई तर ती लहान असतानाच गेलेली. "मला तरी कुठं कळलंय? अजून ताप आला की मी तिलाच हाक मारते."

तेव्हा वाटलं, हिनं उत्तर टाळलं. आता तसं वाटत नाही.

पुढं मला मुलगी झाली. काकूंनी तिच्यात लगेच आई ओळखली. मी मात्र कितीतरी दिवस तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहिले, आणि बारशाला आईचं नाव काही माझ्या ओठांवर आलं नाही.