डावीकडचा खालचा कोपरा

ज्या आठवड्यात मी दोन लेन्समधून एक निवडत होते, त्याच आठवड्यात माझी धाकटी जाऊ रोज संध्याकाळी घरामागच्या बांधावर वैरण कापायला बसत होती. उसाकडे पाठ करून. पुढे जे काही लिहिलं आहे ते त्या पाठीबद्दल आहे. लेन्सबद्दलही आहे, पण ते नंतर.

मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि रक्ताच्या काचा वाचायच्या. पक्ष्यांचे फोटो काढायला लागले ते सत्तेचाळिसाव्या वर्षी. तीन वर्षांनी उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. मग जुना जड कॅमेरा विकून आरसा नसलेला हलका कॅमेरा घेतला. पण लांबचं टिपणारी लेन्स जड असेल तर कॅमेरा हलका असून काय उपयोग? कोयनानगरच्या बाजूला धनेश पक्षी बघायला जायचं होतं, आणि तिथल्या चढावर आपलं सामान दुसरं कोणी वाहत नाही.

सांगलीतल्या एका दुकानदाराने दोन लेन्स आठ दिवसांसाठी भाड्याने दिल्या. दोन्ही झूम, दोन्हींची पोच सारखीच, तीनशे मिलिमीटरपर्यंत. फरक तोंडाचा आणि वजनाचा. एकीचं तोंड वाटीएवढं आणि वजन दोन्ही हातांनी धरावं एवढं. दुसरी पर्समध्ये मावेल अशी.

"मॅडम, ही मोठी एकदा लावून बघाच," तो म्हणाला. "मागचं बॅकग्राउंड असं वितळतं ना, लोण्यासारखं. परत लहानीकडं बघणार नाही तुम्ही."

"वितळून जातं कुठं?"

"म्हणजे?"

"काही नाही. दोन्ही बांधून द्या."

मोठ्या तोंडाची लेन्स उजेड जास्त घेते आणि जिच्यावर नेम धरला तेवढी वस्तू सोडून पुढचं-मागचं सगळं पुसून टाकते. पक्षी स्वच्छ दिसतो, मागे नुसता रंग. लोक त्यासाठीच ती घेतात. लहान तोंडाच्या लेन्सला हे नीट जमत नाही. तिच्यात मागची पानं, काटक्या, तारा, सगळं अर्धवट दिसत राहतं.

सासरचं गाव उंब्रजजवळ. दीर फौजेत, मुलगा कराडला शिकायला. घरी जाऊ एकटी, दोन म्हशी आणि एक तांबडं कुत्रं. मी आठ दिवसांची रजा काढून तिच्याकडे गेले. तिच्या सोबतीसाठी गेले असं म्हणायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे तिच्या गच्चीसाठी गेले. घराच्या मागे तीस-पस्तीस पावलांवर वैरणीचा पट्टा आणि बांध. बांधापलीकडे तोडीला आलेला ऊस, माणसाच्या दुप्पट उंच. उसाच्या कडेला पक्षी भरपूर असतात. प्लास्टिकची खुर्ची टाकली, कठड्यावर उशी ठेवली, उशीवर लेन्स. खांद्याला त्रास नाही.

सोमवारी मोठी लेन्स लावली. साडेपाचला जाऊ विळा घेऊन बांधावर गेली. सहज तिच्यावर नेम धरून चार फोटो काढले. रात्री तिला दाखवले, तर ती बघतच राहिली.

"आगं बया! ही मी हाय व्हय? मागं कसं सोन्याचं पाणी सोडल्यागत झालंय."

"मागे ऊस आहे."

"आसू दे की. मला धाडा ह्यो. फोनवर लावती."

तिने तो फोटो आपल्या नंबरावर लावला. दोन दिवस गावातून कौतुक झालं. कोणीतरी विचारलं, कुठल्या गार्डनमध्ये काढला.

मंगळवारी सकाळी तिची एक चप्पल सापडेना. मागच्या दाराच्या पायरीवर जोडी काढलेली असायची, त्यातली एकच उरली होती. कुत्र्याला शिव्या बसल्या. कुत्र्याने ऐकून घेतलं. ते त्या आठवड्यात मागच्या दारातच बसून असायचं. एरवी जाऊच्या पायात पायात बांधापर्यंत जाणारं, आता पायरी उतरत नव्हतं. जाऊने हाक मारली की शेपूट हलवायचं आणि तिथेच बसायचं.

"म्हातारं झालंय," ती म्हणाली. "आमच्यावाणी."

मला आणखी एक गोष्ट दिसत होती, आणि ती मी वाचली नाही. रोज संध्याकाळी उसात सातभाई पक्षी एकदम कलकलाट करायचे, एकाच ठिकाणी, वरून खाली बघत. साप किंवा मुंगूस दिसलं की ते असं करतात. मला वाटलं, मुंगूस. मी सातभाईंचे चांगले चाळीस फोटो काढले. ते कशाकडे बघत होते तिकडे लेन्स वळवली नाही.

गुरुवारी लहान लेन्स लावली. तिला धार यावी म्हणून आतलं छिद्र अजून लहान केलं. पुन्हा गच्ची, पुन्हा उशी, पुन्हा साडेपाच, पुन्हा जाऊ. तिला फोटो दाखवल्यावर तिने नाक मुरडलं.

"ह्यात समदा कचराच दिसतोय. ती पयली बरी."

"ती अडीच किलोची आहे."

"मग म्या उचलती. तुमी फोटू काढा."

शनिवारी पाचच्या सुमारास चहा घेऊन गच्चीत लॅपटॉप उघडला. रविवारी लेन्स सांगलीला परत द्यायच्या होत्या. लेन्सची परीक्षा मधल्या भागावर करायची नसते. मध्ये सगळ्याच चांगल्या दिसतात, खरी लेन्स कोपऱ्यात कळते. लॅबमध्येही मी काच कोपऱ्यापासूनच वाचते. जाऊचा गुरुवारचा फोटो मोठा केला आणि वरचा डावा कोपरा, वरचा उजवा, खालचा उजवा असं बघत आले. ठीक होते. मग खालचा डावा.

उसाची वाळलेली पानं दिसत होती, एकेक शीर वेगळी. त्यांच्यामध्ये दोन गोल कान होते. कानांच्या खाली डोळे. ते डोळे जाऊच्या पाठीकडे बघत होते.

आधी चहा बाजूला ठेवला, सांडू नये म्हणून. मग सोमवारचा, मोठ्या लेन्सचा फोटो उघडला. तोच कोपरा. तिथे सोनेरी रंगात एक तपकिरी डाग होता, हळदीच्या बोटाने पुसल्यासारखा. सोमवारी मी तो बघितला होता आणि वाळलेला पाला समजले होते. मंगळवारच्या फोटोत तोच डाग, थोडा उजवीकडे. बुधवारच्या फोटोत डाग मोठा. मग जाऊ नसतानाचे फोटो उघडले. सकाळचे, दुपारचे, तोच बांध, तोच ऊस. डाग नव्हता. एकाही फोटोत नव्हता. ती चौकटीत असेल तेव्हाच तो होता.

घड्याळात पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. खाली मागच्या दारात कुत्रं बसलेलं होतं. जाऊ बांधावर होती, उकिडवी, विळ्याचा खसखस आवाज येत होता. सातभाई ओरडत होते.

डोळ्यांनी बघितलं तर काही नव्हतं. ऊस होता, आणि त्याच्या बुडाशी अंधारायला लागलं होतं. कॅमेऱ्यावर पुन्हा मोठी लेन्स होती, सकाळीच बदलली होती. तिच्यातून जाऊच्या पदराची पिन दिसली, कपाळावरचा घाम दिसला, आणि मागे सोनं. मी लेन्स काढली. लहान बसवली आणि डोळा लावला. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात आपण खरं दृश्य बघत नाही. आत एक छोटा पडदा असतो, आणि तिन्हीसांजेला तो डोळ्यांपेक्षा जास्त उजळ दाखवतो. डोळ्यांना अंधार होता तिथे पडद्यावर करडा उजेड होता. पानं. पानांमागे पानं. मग कान.

आता ते बसलेलं नव्हतं. पुढचे पाय वाकवून जमिनीशी टेकलेलं होतं.

वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. पळणाऱ्याच्या मागे ते धावतं, हेही. म्हणून मी "बिबट्या" असं ओरडले नाही. ओरडले असते तर ती पळाली असती.

"उभी राहा!" मी म्हणाले. "अगं, उभी राहा!"

"काय वो आक्का?" तिने मान वर न करता विचारलं. "च्या झाला का?"

"आधी उभी राहा. सरळ. दोन्ही हात वर कर."

"फोटू काढताय व्हय? थांबा की, पदर तरी नीट करू द्या."

"कर. उभी राहून कर."

ती उठली. कमरेवर हात ठेवून वैतागून गच्चीकडे बघायला लागली. मी डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच होता. ती उभी राहिल्याबरोबर त्या डोक्याने तिच्यावरची नजर काढली आणि वर बघितलं. गच्चीकडे. लेन्समध्ये. मी इतकी वर्षं भिंगातून बघते आहे. पलीकडून कोणी बघितलं नव्हतं.

"आता ये. पळू नकोस. उसाकडे तोंड कर आणि तशीच मागं मागं ये."

"डोकं फिरलं का काय तुमचं?"

पण आली. माझ्या आवाजात काहीतरी असणार. मी पाण्याच्या टाकीचं झाकण कठड्यावर बडवत राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले. पुन्हा कॅमेऱ्यात बघितलं तेव्हा पानं होती, नुसती पानं. एकही हलत नव्हतं. सातभाई गप्प झाले होते.

तिला लॅपटॉपसमोर बसवलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिने बोटाने पडद्यावर तो कोपरा पुसून बघितला.

"वाघरू हाय," ती शेवटी म्हणाली. मग बुधवारच्या फोटोवर बोट ठेवून, "आक्का, बुधवारी म्या भारा बांधून त्या उसालाच पाठ टेकून बसली व्हती. घटकाभर. आंग दुखत व्हतं म्हणून."

बुधवारच्या फोटोत डाग मोठा का होता ते मला तेव्हा कळलं. मी तिला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी वनखात्याची दोन माणसं आली. फोटो बघून त्यांनी आणखी प्रश्न विचारले नाहीत. काठ्या आपटत उसात शिरले आणि थोड्या वेळाने एकाने हाक मारली. मीही गेले, बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. कडेपासून थोडं आत पाचट दाबून गुळगुळीत झालेली जागा होती, म्हशीच्या रेडकाने बसकण मारावी एवढी. तिथे उकिडवी बसून मी समोर बघितलं. उसाच्या फटीतून बांध दिसत होता, मी पावलं मोजली, दहा. त्याच्या वर गच्चीचा कठडा, उशी, आणि माझी रिकामी खुर्ची. आठवडाभर तिथून मी अगदी नीट दिसत असणार.

त्या जागेत जाऊची चप्पल होती. टाचेकडे चावलेली.

"दात बारीक आहेत," वनरक्षक म्हणाला. "पिल्लं असणार हिची. खेळायला नेली असेल."

"कुठून नेली?" दुसऱ्याने विचारलं.

"मागच्या पायरीवरून," माझ्या मागोमाग आलेली जाऊ म्हणाली. मग तिने वळून कुत्र्याकडे बघितलं. ते अजून दारातच होतं.

पुढचं सगळं साध्या पद्धतीने झालं. त्यांनी सांगितलं, वैरणीला दोघींनी जायचं, उभं राहून कापायचं, फोनवर मोठ्याने गाणी लावायची. उसाची तोड रस्त्याच्या बाजूने सुरू केली आणि नदीकडची बाजू मोकळी ठेवली, तिला पिल्लांसकट जाता यावं म्हणून. शेवटच्या सरीपर्यंत काही निघालं नाही. कधी गेली, कुठे गेली, कोणी बघितलं नाही. शेजारच्या शिवारात अजून ऊस उभा आहे.

लेन्स द्यायला त्याच दुपारी सांगलीला गेले. लहानीचे पैसे भरले.

"मॅडम, ह्यात बॅकग्राउंड तेवढं वितळत नाही हं," दुकानदार म्हणाला. त्याने मोठी लेन्स पुन्हा पुढे सरकवली. "नंतर म्हणाल सांगितलं नाही."

"सांगितलंत. पॅक करा."

त्यानंतर कोयनेच्या बाजूला दोनदा जाऊन आले, खांदा दुखला नाही. धनेशचे फोटो बरे आले आहेत. मागे फांद्यांचा पसारा आहे. घरी आल्यावर मी आधी तो पसारा वाचते, मग पक्षी.

जाऊ आता वैरण उभ्याने कापते, लांब दांड्याच्या कोयत्याने, आणि गाणी इतक्या मोठ्याने लावते की गच्चीत बसवत नाही. पण फोनवर अजून तोच सोमवारचा फोटो आहे. बदल म्हणून मी तीनदा सांगितलं.

"आसू दे," ती म्हणते. "माझा येकटीचा फोटू कुणी काढलाय कवा? आन् हा तरी कुठं येकटीचा हाय?"

तिचा फोन आला की तो फोटो माझ्या पडद्यावर उमटतो. ती हसते आहे, मागे सोनं आहे. मी फोन लगेच उचलत नाही. आधी डावीकडचा खालचा कोपरा बघते, डाग होता तिथेच आहे ना, एवढंच.