नाम्या आणि नवं जहाज

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आम्ही तिघं बसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं खुर्च्या सरकवून ऐकायला येतात. नौदलाचे किस्से असेच. एक सांगायला घ्यावा तर मागचे चार रांग लावून उभे! आणि सगळे खरे असतात हीच पंचाईत. खोटे असते तर जरा बेतानं तरी सांगितले असते.

तिघं म्हणजे मी नेकनूरचा, जहाजावर रडार आणि स्क्रीन सांभाळणारा. रफिकभाई मांजरसुंब्याचाच, तो इलेक्ट्रिशियन होता. मुदत संपताच बाहेर पडला आणि ट्रॅक्टरचं गॅरेज टाकलं. तिसरा नामदेव, दिंद्रुडचा, इंजिनवाला. त्याला आम्ही नाम्याच म्हणतो. बीडची तीन माणसं नौदलात कशी, असं सगळेच विचारतात. भरतीला सोबत गेलतो, एवढंच.

रफिकभाई सुटल्यावर आमचं जुनं जहाज भंगारात निघालं आणि नवंकोरं आलं. शेजारच्या देशांकडे नव्या युद्धनौका, नव्या पाणबुड्या, ड्रोन. आपण मागं राहून चालणार नव्हतं. कॅप्टनसाहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "चाचण्या संपेपर्यंत ज्याला नवं जमेल तो समुद्रावर. नाही जमलं तर किनाऱ्यावरच्या गोदामात."

नाम्याचं अर्धं आयुष्य समुद्रावर गेलेलं. गोदामात बसून नटबोल्ट वाटायचे या कल्पनेनंच त्याचं तोंड उतरलं.

*

जुन्या इंजिनरूममध्ये एवढा आवाज असायचा की बोलायचं तर कानात ओरडावं लागे. नाम्या खांद्यावर फडकं टाकून नव्या इंजिनरूममध्ये उतरला. इंजिनं चालू, दिवे चालू आणि माणूस एक नाही! तो जिना चढून धावतच वर आला.

"सायेब, खाली कुणीच न्हाई! सगळी पळाली!"

(जहाजावर सगळं हिंदीतच चालतं. मी आपलं आपल्या भाषेत सांगतोय.)

वर एसीत बसलेला तरुण लेफ्टनंट हसला. "आता खाली कुणी बसतच नाही, नामदेव. सगळं इथून दिसतं." आणि त्यानं स्क्रीनकडे बोट केलं.

मी तिथंच स्क्रीन तपासत होतो, नाम्यानं मला बाहेर ओढलं. "लेकरू पाळण्यात टाकून घरची सगळी टीव्ही बघत बसल्यावानी झालं बे हे!"

*

मधे आम्ही सुट्टीवर आलो. दिंद्रुडच्या चौकात उतरतो तर समोर हा भलामोठा फ्लेक्स! 'दिंद्रुडचे सुपुत्र नामदेवराव यांची नव्या युद्धनौकेवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो. वर गॉगल लावलेला नाम्या आणि त्याच्या मागे लाटा कापत जाणारं जहाज.

निवड अजून झालीच नव्हती. नाम्या तिथंच घामाघूम. तेवढ्यात आम्हाला न्यायला आलेला रफिकभाई फ्लेक्सच्या जवळ गेला, डोळे बारीक करून बघितलं आणि नाम्याला खूण करून बोलावलं.

"नाम्या... ये जहाज अपना नहीं हाय रे. झेंडा देख!"

बघतो तर काय, खरंच शेजाऱ्यांचं जहाज! ज्याच्याशी बरोबरी करायची म्हणून देशानं एवढा आटापिटा केला, तेच दिंद्रुडच्या चौकात नाम्याच्या पाठीशी उभं! माझ्या हातातली बॅग खाली पडली.

फ्लेक्सवाल्या पोराला गाठलं. तो अगदी शांत. "काका, नेटवर दोन्ही बघितली. हे लई भारी दिसत व्हतं!"

फ्लेक्स उतरला, पण सत्कार टळला नाही. हार, फेटा, नारळ, तीन भाषणं. परत येताना नाम्या एकच वाक्य बोलला, "आता गोदामात गेलो तर गावात कोणत्या तोंडानं येऊ?"

*

त्यानंतर पंपाची भानगड झाली. स्क्रीनवर आलं की एका पंपाचं बेअरिंग जातंय. नाम्यानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. जुन्या जहाजावर या कानाचा शब्द शेवटचा असायचा.

"ठणठणीत हाय," नाम्या म्हणाला.

"तरी खोलू," लेफ्टनंट म्हणाला.

खोललं. बेअरिंगला तडा गेलेला! नाम्यानं ते बेअरिंग हातात घेतलं, तड्यावरून बोट फिरवून बघितलं. मलाही बसला तो धक्का. या कानाच्या भरवशावर आम्ही किती वादळं काढली होती! जेवताना तो घासही घेईना. "कान गेला बे माझा," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र गडी आपणहून स्क्रीनसमोर जाऊन बसला. मुलाच्या वयाच्या लेफ्टनंटला म्हणाला, "शिकवा." आणि शिकला! इतका की समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट लेफ्टनंटनं त्याच्याच ताब्यात दिला.

*

मग मानवरहित बोटीचा सराव. कसला सराव आहे ते आम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. एक छोटी बोट सुसाट आमच्यावर चालून आली. डेकवर लाऊडस्पीकर नाम्याच्या हातात. तो नियमाप्रमाणे बजावू लागला, "थांबा! मागं फिरा! हात वर करा!" बोट आपली येतेच आहे. नाम्या घसा फुटेपर्यंत ओरडला. शेवटी मी दुर्बीण लावली.

"नाम्या, आत कुणीच नाही!"

नाम्यानं लाऊडस्पीकर खाली घेतला. "मग हात वर कुणी करायचे बे?"

सगळे हसले. कॅप्टनसाहेब हसले नाहीत. "समोरच्याकडे अशा बोटी आहेत," म्हणाले. आमचं हसू जागच्या जागी विरलं.

*

चाचण्यांच्या शेवटी मोठे साहेब तपासणीला आले. समुद्र खवळलेला, जहाज डोलतंय आणि ऐन जेवणाच्या वेळी भोंगा वाजला. स्क्रीनवर लाल अक्षरं: आमच्या राहण्याच्या खोलीत पाणी शिरलंय! दारं बंद झाली. पंप घेऊन माणसं पळाली. मला वाटलं, नव्या जहाजाला भोकच पडलं!

दार उघडलं. नाम्याच्या बिछान्याखालून दोन बादल्या घरंगळत बाहेर आल्या. भरून ठेवलेलं पाणी कोपऱ्यातल्या सेन्सरपाशी साचलं होतं. मोठे साहेब बादल्या ओलांडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नाम्याला कॅप्टनच्या केबिनमध्ये बोलावणं. तिथला स्क्रीन बिघडला होता म्हणून मी आधीच आत खाली बसून वायरी तपासत होतो.

"हवं तेवढं पाणी बनवणारा प्लांट," कॅप्टन म्हणाले, "तोही तुझ्याच ताब्यात. नळ सोडला की पाणी. आणि तू बादल्या भरून ठेवतोस? का?"

नाम्या खाली मान घालून उभा. "सायेब, आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ येतो. पाणी दिसलं की हात आपोआप बादली लावतोय. डोक्याला समजलंय, हाताला समजंना."

"नवं जहाज चालवायला नवी सवय लागते, नामदेव. सामान बांध."

नाम्यानं सॅल्यूट ठोकला, पण पाय काही हलेनात.

तेवढ्यात जहाज एका बाजूला कललं आणि केबिनच्या बाथरूमचं दार सताड उघडलं. आत एक बादली. काठोकाठ भरलेली, वर स्टीलची ताटली झाकलेली. तिच्या मागे दुसरी. ताटलीवर उपडा तांब्या.

मी बघितलं. नाम्यानं बघितलं. कॅप्टनसाहेब उठले, सावकाश जाऊन दार लावलं, नीट कडी घातली आणि परत येऊन बसले.

मग त्यांनी विचारलं, "प्लांटवर आज ड्यूटी कुणाची आहे?"

"माझीच, सायेब."

"मग इथं काय करतोयस?"