हिस्टोटोमवरची पट्टी

भुताखेतांच्या गोष्टी घेऊन कुणी माझ्याकडे आलं, तर मी त्याला कॉफी पाजून वाटेला लावते... जन्मभर लॅबमध्ये काम केलेली बाई मी, असल्या थापांना कुठली भुलतेय! पण एका गोष्टीचं उत्तर मात्र माझ्याकडेही नाही.

साठच्या दशकातलं बेंगळूर. चामराजपेटेत आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मोठ्या डॉक्टरांची लॅब होती. आमच्यासारखेच ते पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी, निम्मं बोलणं कानडी. त्यांच्याकडे एक जुनं काळं यंत्र होतं. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, चाक फिरवायचं, की सुरीवर कागदाहून पातळ कापांची पट्टी उतरायची — पोस्टाच्या तिकिटांसारखी, एकाला एक जोडलेली. सगळे त्याला मायक्रोटोम म्हणायचे. डॉक्टर मात्र त्यांच्या जुन्या पुस्तकांतला शब्द धरून बसलेले — हिस्टोटोम!

मी एकदा मायक्रोटोम म्हटलं तर केवढे भडकले! "अक्का, मायक्रो म्हणजे नुसतं बारीक. बारीक तर काकडीही चिरतात! हिस्टो म्हणजे ऊतक, माणसाचा तुकडा. काय कापतोय ते नावात राहू दे." आणि मी काप घ्यायला बसले की मागून हमखास, "स्वल्प अजून खोल जा." काय वैताग यायचा म्हणून सांगू! आज तोच आवाज ऐकायला जीव आसुसतो.

डॉक्टर गेले. त्यांच्या मुलाने, धाकट्या डॉक्टरांनी, नवा मायक्रोटोम आणला. हिस्टोटोमचं चाक गंजून अडकलं, सुरी बोथट झाली. कोपऱ्यात कापड टाकून ठेवला त्याला.

पुढच्याच वर्षी माझ्या वहिनीच्या छातीत गाठ निघाली. आई माझ्या लहानपणीच गेलेली, मला वाढवलं ते वहिनीने. तिचा तुकडा मीच कापला. धाकट्या डॉक्टरांनी पाहिलं नि हसले, "साधी गाठ आहे, निश्चिंत राहा." घरी वहिनीने खीर केली.

दोन-तीन दिवसांनी आयुधपूजा आली. यंत्रं पुसून हळदकुंकू लावायचं, दारात कोहळा फोडायचा, कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळं, वाटायची, आणि त्या दिवशी एकही हत्यार चालवायचं नाही. आमच्या शिपायाने, मुनियप्पाने, पूजेसाठी हिस्टोटोमवरचं कापड काढलं आणि ओरडला, "अक्का, इल्ली नोडी! इकडे बघा!"

सुरीवर पट्टी होती. ताजी, नुसत्या श्वासाने हलणारी... मी चाक ओढून पाहिलं, ढिम्म हललं नाही. ठोकळा तर कुठेच नव्हता.

"कुणीतरी चेष्टा केलीय," धाकटे डॉक्टर म्हणाले. पण मला राहवेना. पट्टी कोमट पाण्यावर तरंगवली, काचेवर घेतली, रंगवली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं... कॅन्सर! कापाचा एक कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा तुटका होता. आणि त्या आठवड्यात लॅबमध्ये गाठ आली होती ती एकच.

"डॉक्टर, वहिनीचा ठोकळा पुन्हा कापते. खोलवर."

"आज? आयुधपूजेला? वेड लागलंय का! उद्या बघू."

"उद्या नाही. वहिनी आहे हो माझी!"

नव्या यंत्राच्या सुरीवरचं कुंकू मी पदराने पुसलं. पुसताना रडू फुटलं. पहिले काप चांगलेच निघाले, अगदी परवासारखे. मी चाक फिरवत राहिले, खोल जात राहिले... आणि कापाचा कोपरा तुटायला लागला. तोच कोपरा.

दोन्ही काचा शेजारी ठेवल्या. तीच गाठ, तोच कॅन्सर. धाकट्या डॉक्टरांनी आळीपाळीने दोन्ही पाहिल्या. "अप्पा..." एवढंच म्हणाले, वडिलांना हाक मारल्यासारखं.

ऑपरेशन वेळेवर झालं. वहिनी वाचली, नातवंडं खेळवून गेली.

बंद चाकाच्या यंत्रावर ती पट्टी कुणी कापली? ठोकळा तर माझ्या कपाटात होता, आणि मी तेवढी खोल गेलेच नव्हते. वहिनीला मात्र हा प्रश्न कधीच पडला नाही. लॅब होती तोवर दर आयुधपूजेला ती यायची, कापड बाजूला करायची आणि हिस्टोटोमला कुंकू लावून म्हणायची, "डॉक्टर, यंदाही आले हं."