चार इंग्रजी शब्द आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंना जगातली एकही गोष्ट धडधाकट दिसल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. निफाडकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये परदेशी जाणारा माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि रिटायर होताना ते चार इंग्रजी शब्द घरी घेऊन आले: डल, सॉफ्ट, श्रिव्हल्ड आणि रॉटन. डल म्हणजे तेज गेलेलं, सॉफ्ट म्हणजे दाबलं की बोट आत जाणारं, श्रिव्हल्ड म्हणजे सुरकुतलेलं, आणि रॉटन म्हणजे संपलंच. द्राक्षं सुटली, शब्द काही सुटले नाहीत.

दर रविवारी ते ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, स्कूटरवर मागे बसवून आमच्या सिडकोतल्या फ्लॅटवर यायचे आणि आल्या आल्या तपासणी सुरू. जिन्याचा कठडा श्रिव्हल्ड, सोफा सॉफ्ट, ट्यूबलाइट डल. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामांचा हात हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि सॉफ्ट झालाय, जपा, असं सांगितलं. मामा त्या दिवशी जेवलेच नाहीत. स्वतःच्या निरोप समारंभात गळ्यात पडलेला हारसुद्धा त्यांनी उजेडात धरून डल ठरवला होता. मला तर दर दिवाळीला ग्रेड मिळायची. मागच्या खेपेला मी सॉफ्टवरून श्रिव्हल्डवर आलो. खरं सांगतो, थकून गेलो होतो मी या माणसापुढे. रविवारी बेल वाजली की दार उघडायच्या आधीच मला अर्धं सडल्यासारखं व्हायचं. ताई मात्र हसायच्या. "मला बघायला आले तेव्हाही असंच न्याहाळत होते, तरी पास केलं बाई," म्हणायच्या.

त्याच ताई गेल्या वर्षी भाजीबाजारातून घरी यायचा रस्ता विसरल्या. मग चहात मीठ, मग गॅस चालूच. डॉक्टरांकडे मीही बरोबर गेलो होतो. रिपोर्ट बघून डॉक्टर डिक्लाइन असं काहीसं म्हणाले, हे आता वाढतच जाणार, जमत नसेल तर सांभाळणारी एखादी संस्था बघा, असंही म्हणाले. मी साडूंकडे पाहिलं. आता यांच्या तोंडून कुठला शब्द निघतो याची मला धास्ती होती. त्यांनी रिपोर्ट टेबलावर उलटा ठेवला.

"डॉक्टर, द्राक्षाचा एखादा मणी खराब निघाला म्हणून आमच्याकडे घड टाकत नाहीत," ते म्हणाले. "बाया बारीक कात्रीनं तेवढाच मणी काढतात. घड पुढं जातो."

तेव्हापासून ते तेच करतात. ताई चहा विसरल्या, तर चहा यांनी करायचा. वेणी विसरल्या, तर वेणी यांनी घालायची. वाकडी घालतात, पण घालतात. बाकीच्या ताई जशाच्या तशा आहेत, असं धरून त्यांच्याशी भांडतातसुद्धा.

गेल्या रविवारी दोघं रिक्षानं आले. ताई सोफ्यावर बसल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "हे कोण?"

माझ्या लग्नात माझे बूट ताईंनीच लपवले होते. साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचा मणी गेला. वाईट वाटून घेऊ नका," म्हणाले. मग आवाज उतरला. "माझा अजून आहे."

सोफ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. जाताना ताईंना धरून एकेक पायरी उतरवत होते. मी वर दारात उभा होतो आणि मला राहून राहून वाटत होतं, या माणसानं मागे वळून एकदा तरी मला रॉटन म्हणावं.